गावविहिरीतले गणपती

करंजवाडीच्या गावविहिरीचा तळ कुणी पाहिला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात तिनं अख्खं गाव जगवलं, असं जुनी माणसं सांगत. पुढं नळयोजना झाली, बोअरचं पाणी दारात आलं आणि विहिरीचं पाणी पिणं बंद झालं. बारा सालच्या दुष्काळातही तिच्यात दोन पुरुस, दोन उभी माणसं बुडतील एवढं, पाणी टिकलं होतं. त्यावर जनावरं निभावली. माणसं मात्र वर्षातून एकदाच तिच्याकडं फिरकायची, अनंत चतुर्दशीला, गणपती बोळवायला.

पंधरा सालच्या वैशाखात नळयोजनेचे दोन्ही बोअर आटले. तालुक्याहून टँकर मंजूर झाला, पण तो दारोदार फिरणार नव्हता. एका जागी रिकामा होणार आणि तिथून ज्यानं त्यानं शेंदून न्यायचं. तशी जागा गावात एकच होती. विहिरीत तेव्हा गुडघाभर पाणी उरलं होतं. टँकरवाल्यानं कठड्यावरून पाइप सोडला, पाणी धो धो आवाज करत खाली गेलं आणि बायांनी पोहरे टाकले.

पहिला हंडा भिवराबाईचा भरला. तिनं आत पाहिलं, तर पाणी फिक्कं गुलाबी. वर पांढरे कपचे तरंगत होते आणि कडेला कसलासा सोनेरी चुरा लागला होता. तिला वाटलं, पोहराच घाण असेल. दुसऱ्या बाईच्या घागरीतही तेच निघालं. मग सगळ्याजणी कठड्यावरून वाकून पाहू लागल्या. ऊन डोक्यावर आलं होतं, उजेड थेट तळापर्यंत गेला होता. तळाला गणपती होते. लहान, मोठे, एकमेकांवर रेललेले, मोठे छातीपासून वर पाण्याबाहेर, लहानांतल्या कुणाचा मुकुट, कुणाचा नुसता हात. आठ-दहा वर्षांत गावानं निरोप दिलेले जवळपास सगळेच तिथं बसून होते.

टँकरवाल्यानं पाइप गुंडाळला. "ह्या असल्या पाण्यात मी वततो आन उद्या कुणी आजारी पडलं तर नाव माझं," तो म्हणाला. दुपारी ग्रामसेवक येऊन पाहून गेले. विहीर साफ झाल्याशिवाय टँकर येणार नाही, असं सांगून गेले.

संध्याकाळी सगळं गाव विहिरीवर जमलं. साफ करायचं हे सगळ्यांना पटत होतं, पण आत उतरून देवाला हात कोण घालणार, हे कुणी बोलेना.

करंजवाडीत चेअरमन दोन. एक सुंदरराव, सेवा सोसायटीचे. वावर मोठं, तालुक्यात ऊठबस, आणि मंडळाचा नऊ फुटी गणपती दरसाल त्यांच्याकडून. दुसऱ्या बायनाबाई, महिला दूध संस्थेच्या. साठी उलटलेली, अंगानं काटकुळी. दुष्काळात संस्थेचं दूध आठ कॅनवरून दोनवर आलं होतं, तरी रोज सकाळी सहाला कुलूप त्याच उघडायच्या. गाव त्यांना अक्का म्हणायचं.

"यकदा बोळवलेला देव माघारी वढायचा?" सुंदरराव म्हणाले. "आजूबाजूची गावं काय म्हंतील? त्यापरीस दुसरी जागा बघू."

"दुसरी जागा कुठं हाय?" बायनाबाईंनी विचारलं.

बायनाबाई एक पाऊल पुढं आल्या.

"सुंदरराव, तुमच्या घरी महालक्ष्म्या बसत्यात न्हवं?"

"बसत्यात की."

"त्यांचे मुखवटे वरीसभर कुठं असत्यात?"

"पेटीत. आईच्या लुगड्यात गुंडाळून."

"मंग पेटीत ठिवून लक्ष्मी बाटली का? देव येतो तवा येतो, जातो तवा जातो. मागं जे ऱ्हातं ते आपलं आसतं. आपलं आपुनच उचलायचं."

हळूहळू एकेकाची नजर आसारामकडं वळली.

आसाराम हा भिवराबाईचा नवरा. विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी काढणं हा त्याचा धंदा. घाटनांदूरपासून परळीच्या अलीकडपर्यंत कुठं मोटार अडकली की लोक त्याला बोलवायचे. तीन पायांच्या लोखंडी घोड्यावर चेनपुली टांगायची आणि जड वस्तू अलगद खाली सोडायची किंवा वर घ्यायची, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून मंडळाचा गणपती विहिरीत सोडायचा मानही त्याचाच. दरसाल सुंदरराव त्याला शेला-नारळ द्यायचे, गाव टाळ्या वाजवायचं, आणि नऊ फुटांची मूर्ती जराही न कलंडता पाण्याला टेकली की आसारामच्या छातीत काहीतरी भरून यायचं.

त्यानं कुणाकडंच पाहिलं नाही. उठला आणि घरी गेला.

घरी भिवराबाई पहिला भरलेला तो हंडा घेऊन बसली होती. जुन्या धोतराच्या चार पदरी फडक्यातून पाणी गाळत होती. गाळून झालं की भांडं उजेडाला धरायची आणि पुन्हा गाळायची. तीनदा गाळलं तरी तळाला पिठासारखं पांढरं बसतच होतं. शेवटी तिनं ते पाणी शेळीपुढं ठेवलं. शेळीनं हुंगलं आणि मान फिरवली.

"आठ वरसं मीच सोडले," आसाराम उंबऱ्यावर बसत म्हणाला. "शेला घेऊन सोडले. आता तेच वर काढू? हात कसा लावू?"

भिवराबाईनं फडकं पिळलं. "तुमीच सोडले, मंग कोन कुठल्या बाजूला बसलाय ते तुमालाच ठावं आसंल. दुसरा उतरला तर चेंगरल, मोडल."

ती हे सरळपणे म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. एवढा वेळ आसाराम पापाचा विचार करत होता. तिनं कामाचा विचार केला होता. थोड्या वेळानं तो उठला आणि चेनीला तेल द्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा विहिरीवर उभा राहिला. चेनीवर हरिबा आणि म्हाळू, त्याचे नेहमीचे जोडीदार. आसारामनं चपला काढल्या, कठड्याला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि दोरावरून खाली गेला.

खाली गारवा होता आणि ओल्या चुन्यासारखा वास. पाणी मांड्यांपर्यंत. त्यानं सभोवार पाहिलं. मंडळाचे मोठे गणपती एका बाजूला भिंतीला टेकून होते, जत्रेत दमून बसलेल्या माणसांसारखे. अंगावरचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता, खांद्यातून काथ्या बाहेर आला होता. डोळे मात्र तसेच होते, काल काढल्यासारखे. आसारामला त्या डोळ्यांपुढं उभं राहवेना. तो पहिल्या मूर्तीच्या मागं गेला आणि आजारी माणसाला उठवताना घालतात तसा काखेतून दोर घातला.

"उठा देवा," तो हळूच म्हणाला. मग वर ओरडला, "घे रं! सावकाश!"

चेन कडकडली. मूर्ती पाण्यातून सुटली, तिच्या पोटातून पाण्याची धार लागली आणि ती हळूहळू उजेडाकडं गेली. वर बायांनी बैलगाडीत ज्वारीच्या धाटांचं सरमाड अंथरलं होतं. मूर्ती त्यावर निजवली जायची, वरून जुनं लुगडं पडायचं. पहिल्या मूर्तीला सगळ्यांनी हात जोडले. विसाव्या मूर्तीला बायांना नुसता "अगं सरक, सोंड लागंल" एवढाच घोर होता.

दोन दिवस काम चाललं. गाळात रुतलेली एक सोडून बाकीच्या मोठ्या मूर्ती झाल्या, मग घरोघरचे शंभरावर छोटे. त्यांच्याखाली प्लॅस्टिकच्या माळा, थर्माकोलच्या मखरांचे तुकडे, चमकीचे कागद, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या पिशव्या. गाठी सोडल्या तर आतली फुलं काळी होऊन तशीच होती. विहिरीतलं काहीच विहिरीचं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आसाराम भाकरी खायला वर आला. बायनाबाईंनी त्याच्यापुढं कांदा ठेवला.

"अक्का, तुमचा यकबी सापडला न्हाई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात अपराध्यासारखं काहीतरी होतं. "समदा तळ चाचपला. लई बघितलं."

बायनाबाई दरसाल वावरातली काळी माती आणून हातानं गणपती करायच्या, वीतभर. रंग नाही, मुकुट नाही. मंडळाची पोरं हसायची, अक्काचा गणपती उपाशी दिसतो म्हणायची.

"सापडंल कसा?" त्या म्हणाल्या. "गेला त्यो."

गणपती जातो, गणपती गेले, असं आसाराम लहानपणापासून म्हणत आला होता. खरंच जातो म्हणजे काय, हे त्याच्या ध्यानात पहिल्यांदाच आलं.

त्याच वेळी सुंदरराव आले. दोन दिवस ते विहिरीकडं फिरकले नव्हते. आसारामनं दोर घालून ठेवलेली शेवटची मोठी मूर्ती हरिबा आणि म्हाळू चेनीवर वर घेत होते, सगळ्यात जुनी. सुंदरराव सोसायटीचे चेअरमन झाले त्या साली त्यांनी आणलेली. तिची सोंड तुटली होती आणि चेहऱ्यावर रंग उरला नव्हता. ती गाडीत निजवेपर्यंत ते टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"हे न्यायचे कुठं?" त्यांनी विचारलं.

ओढ्यात टाकायचे तर पाऊस पडल्यावर खालच्या गावाच्या बंधाऱ्यात जाणार. खाणीत टाकायचे तर कुत्री फिरणार.

सुंदररावांनी टोपी डोक्यावर ठेवली. "माझ्या वावराचा खालचा कोपरा घ्या. बांधाला लागून. तितं नांगर कधी जात न्हाई, पाय पडत न्हाई. खोल खांदा आन नीट ठिवा."

तसंच केलं. पुरुसभर खोल खड्डा घेऊन एकेक मूर्ती आत ठेवली, माती लोटली. वर खूण म्हणून एक धोंडा ठेवला. महिन्याभरात त्या धोंड्याला कुणीतरी शेंदूर लावला, मग नारळ फुटू लागले, आणि माणसं जाऊन येऊन सुंदररावांच्या वावरातून पायवाटच पडली. ते वैतागायचे, पण वाट मोडली नाही.

विहिरीचा गाळ निघाला चौदा गाड्या. ज्याला हवा त्यानं वावरात नेला. बायनाबाईंनी एक गाडी दूध संस्थेच्या मागच्या बाजूला टाकून घेतली. टँकर पुन्हा सुरू झाला, आणि भिवराबाईच्या हंड्यात स्वच्छ पाणी आलं.

आषाढ कोरडा गेला. श्रावणात आभाळ भरायचं आणि वाऱ्यानं फाटायचं. कपाशी वीतभर होऊन थांबली. टँकर दसऱ्यापर्यंत चालणार, असं दिसू लागलं. पोळा आठवड्यावर असताना मंडळाची बैठक मारुतीच्या देवळात बसली. मंडळाचा अध्यक्ष सटवा, तिशीतला गडी, तेलगावकडं ट्रॅक्टर चालवायचा.

"गणपती नऊ फुटीच आणायचा," तो म्हणाला. "दुष्काळ हाय म्हनून काय झालं? न्हाई तर शेजारच्या गावात त्वांड दाखवता येत न्हाई."

"आण की बे," आसाराम म्हणाला. तो बैठकीत सहसा बोलायचा नाही, म्हणून सगळे वळले. "बारा फुटी आण. पर माझी चेनपुली मिळायची न्हाई. त्या विहिरीचं पानी आज तुझी माय पिती."

"मंग बोळवायचा कुठं?"

"त्येच म्हंतो मी. कुठं?"

सटवा सुंदररावांकडं पाहू लागला. देणगी त्यांची, शब्दही त्यांचाच.

"यंदा अक्का करतील त्यो बसवू," सुंदरराव म्हणाले. "पुढचं पुढं बघू."

दूध संस्थेची खोली सकाळी आठनंतर रिकामीच असायची. बायनाबाई, भिवराबाई आणि आणखी चौघीजणी तिथं बसू लागल्या. विहिरीचा गाळ वाळवला, कुटला, पिठाच्या चाळणीनं चाळला. वीतभर मूर्ती करणं बायनाबाईंच्या हातातलं होतं; पण मंडळाचा गणपती निदान हातभर तरी हवा. पहिला केला तो तिसऱ्या दिवशी पोटावर तडकला. काळी माती, ती वाळताना फाटणारच. मग भिवराबाईनं घरातल्या उशीतला कापूस आणला, बारीक पिंजला आणि मातीत तुडवला. दुसरा तडकला नाही, पण त्याची सोंड गळाली. पुन्हा लावली, पुन्हा गळाली. चतुर्थीला चार दिवस उरले होते.

"अक्का, सोंड अशी हवेत लोंबती कावून ठिवायची?" भिवराबाईनं विचारलं. "टेकू द्यावं की पोटाला. जेवून बसल्यावर आपुन न्हाई का हात ठिवत?"

तिनं सोंड पोटावर टेकवली, टोक डाव्या मांडीवर वळवलं आणि ओल्या बोटानं सांधा पुसला. ती राहिली. गणपती खरंच जेवून निवांत बसल्यासारखा दिसू लागला. हळदीनं अंग रंगवलं, गेरूनं सोवळं, काजळानं डोळे.

मखर आसारामनं केलं, कडब्याच्या पेंढ्यांचं. गावात कडबा सोन्यासारखा झाला होता, म्हणून सात घरांतून एकेक पेंढी मागून आणली, आणि शेवटच्या दिवशी ज्याची त्याला परत द्यायची असं ठरलं. पेंढी एकही कापली नाही, नुसती बांधली.

चतुर्थीला मूर्ती चौरंगावर बसली तेव्हा पोरांनी नाकं मुरडली. "येवढुसाच?" पण लहान मुलं पुढं येऊन बसली. एरवी त्यांना देवाचे पायच दिसायचे. आरतीला सुंदरराव आले. दरसाल ते तबक डोक्याच्या वर उचलायचे आणि नजर वर लावायचे. यंदा त्यांना वाकावं लागलं. वाकल्यावर मूर्तीचं तोंड त्यांच्या तोंडासमोर आलं. ते आरती नेहमीपेक्षा हळू म्हणू लागले.

अनंत चतुर्दशीला गणपती बोळवायला काहील आणली, सुंदररावांच्या गुऱ्हाळातली गूळ करायची मोठी कढई. ऊस नसल्यानं ती दोन वर्षं उपडीच पडली होती. देवळापुढं ती मांडली, पण तिच्यात पाणी कुठलं घालायचं, हा प्रश्न होता. टँकरचं पाणी माणसी मोजून मिळत होतं. बायनाबाईंनी कुणालाच काही सांगितलं नाही. घरून एक तांब्या आणला आणि काहिलीत ओतला. मग भिवराबाईनं आणला. मग सटवाची आई उठली. घराघरांतून माणसं तांबे घेऊन येऊ लागली. कुणी पाऊण भरलेला, कुणी काठोकाठ. ज्या घरातली माणसं ऊसतोडीला कारखान्यावर जायची तयारी करत होती, तीसुद्धा आली. अर्ध्या घटकेत काहील पोटापर्यंत भरली.

आसारामनं मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. चेन नव्हती, पुली नव्हती. लहान पोराला न्हाऊ घालताना धरतात तशी त्यानं ती पाण्यात बसवली आणि बाजूला झाला.

गणपती बोळवला की माघारी वळायचं, मागं पाहायचं नाही, अशी गावची रीत. पण कुणी वळलं नाही. आधी हळद सुटली आणि पाणी पिवळं झालं. मग कान गेले. खांदे उतरत गेले, सोंड पोटात मिसळली, काजळाचे डोळे थोडा वेळ पाण्यावर राहिले आणि विरघळले. ढोलकीवाल्याचा हात कधी थांबला ते त्यालाही कळलं नाही. करंजवाडीनं गणपती जाताना पहिल्यांदाच पाहिला. सटवाची आई पदरानं डोळे पुसत होती. एरवी आसारामच्या छातीत भरून यायचं, तसं आज झालं नाही. त्याला हलकं वाटत होतं.

शेवटी काहिलीत नुसतं गढूळ पाणी राहिलं.

"आता हे कुठं वतायचं?" म्हाळूनं विचारलं.

कुणी सांगायच्या आधीच एका म्हातारीनं आपला तांब्या त्यात बुडवला. "माझी तुळस वाळाय लागली," ती म्हणाली. मग रांग लागली. कुणी लिंबाला, कुणी दारच्या मिरचीला, कुणी कडीपत्त्याला. सुंदररावांनीही तांब्या भरून घेतला आणि धोतराचा सोगा सावरत, सांडणार नाही असा जपून घरी नेला. कडब्याच्या पेंढ्या सोडून ज्याच्या त्याच्या गोठ्यात गेल्या.

पुढच्या साली पाऊस लागला तो थांबेचना. विहीर कठड्यापर्यंत भरली. आणि पाणी आलं तसं जुनंही थोडं परत आलं. दहा-बारा घरांनी परळीहून रंगीत मूर्ती आणल्या, सटवाच्या दोस्तांनी पुन्हा नऊ फुटाचा विषय काढला. बैठकीत बरीच बोलाचाली झाली. अखेर मंडळाचा गणपती मातीचाच राहिला, फक्त हातभराचा दीड हाताचा झाला. रंगीत मूर्तीवाल्यांशी कुणी भांडलं नाही. भिवराबाई त्या घरांच्या बायांना भेटली की एवढंच म्हणायची, "पुढल्या साली या की संस्थेत बसायला. माती हाय, कापूस हाय, आन सकाळी आठनंतर चहा आसतो."

त्यातल्या चौघीजणी आल्या.